माकडताप (गोवा)

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणूजन्य ताप होय. वैद्यकात त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज किंवा केएफडी म्हणतात. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली, लगतच्या गावांत तापाची साथ आली आणि त्या तपासातून हा विषाणू सापडला. अनेक दशके तो मुख्यतः कर्नाटकात राहिला. २०१२ नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशा नव्या भागांत त्याची नोंद झाली. गोव्यात तो २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात आढळला, तर २०१६ मध्ये सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मुख्यत्वे जनुकीय आजार येतात, त्यामुळे माकडताप त्या यादीत नाही. तरीही ज्या डॉक्टरने तो कधी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी तो दुर्मिळच ठरतो.

सत्तरीत हा आजार काजूच्या हंगामाशी घट्ट जोडलेला आहे. गोव्यात बोंडू (काजूचे फळ) झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेले वेचतात. टोकाला खिळा बसवलेल्या काठीने बोंडू उचलायचा, टोपलीत टाकायचा, मग झाडाखालीच बसून बी पिरगळून वेगळी करायची, असे हे काम तासन्‌तास चालते. खाली पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांचा, जाड थर असतो. हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडींची पिल्ले याच थरात असतात आणि माणसाला बाधा होते ती मुख्यतः या पिल्लांपासून. ती तिळाहून बारीक असतात. घोट्याला, गुडघ्यामागे, कमरेच्या गाठीखाली चिकटली तरी बहुतेकदा कळतही नाही. पिल्लांचा सुकाळ आणि माणसांचा रानातला वावर हे दोन्ही डिसेंबर ते मे या काळात एकत्र येतात. सत्तरीतील काजूमजुरांना कामातून होणाऱ्या या संसर्गाचा अभ्यास २०१५-१६ च्या हंगामातील रुग्णांवरून झालेला आहे. माकडांना आणि वानरांनाही हीच गोचीड चावते व ती मरतात. गुरांमुळे मोठ्या गोचिडींचे पोट भरते आणि त्यांची संख्या वाढते. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही, म्हणून घरातल्या रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज नसते. हे गावागावांत सांगायला हवे, कारण भीतीपोटी आजारी माणसालाच दूर लोटले जाते.

निदान अवघड का, तर सुरुवातीची लक्षणे सगळी ओळखीची असतात. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. कपाळ ठणकते, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी दिसतात, म्हणजे अहवाल थेट डेंग्यूसारखा. मलेरिया आणि लेप्टोशीही (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाशी) गल्लत होते. म्हणून सत्तरीसारख्या भागात प्रयोगशाळेच्या आधी विचारपूस येते: गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काजूच्या बागेत गेला होता का? लाकडे, पातेरा आणला का? वाड्यावर माकड मेलेले कुणी पाहिले का? मार्चमध्ये अंग दुखते म्हणून आलेल्या मजुराला हे प्रश्न विचारले गेले नाहीत, तर योग्य चाचणी सांगितलीच जात नाही.

चाचणीतही दिवस मोजावे लागतात. तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी उपयोगी पडते. सुमारे पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गानंतर शरीरात आधी तयार होणारी प्रतिपिंडे) एलायझा या रक्तचाचणीत दिसू लागतात. उशिरा घेतलेली पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून माकडताप नाही असे ठरत नाही. विषाणू वाढवून तपासण्यासाठी मात्र उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे ती सोय आहे.

काही रुग्णांना ताप उतरून एक-दोन आठवडे गेल्यावर पुन्हा ताप येतो. या दुसऱ्या फेरीत मान आखडणे, भ्रम होणे, हात थरथरणे अशी मेंदूशी निगडित लक्षणे दिसतात. रोजंदारीवरचा माणूस तोवर कामावर परतलेला असतो आणि हा ताप नवाच समजला जातो. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितले जाते. विषाणूवर नेमके औषध नाही. पाणी व क्षारांची भरपाई, तापासाठी पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावावर लक्ष एवढेच उपचार असतात. ॲस्पिरिन टाळतात.

बचावासाठी रानात जाताना अंगभर कपडे, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुणे, हे उपाय सांगितले जातात. उन्हातल्या कामात अंगभर कपडे नकोसे होतात, हे सल्ला देणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचे असते. माकड मेले त्या जागी गोचीडनाशक टाकून शव जाळले जाते. पूर्वी दोन डोस व नंतर बूस्टर अशी लस देत. तिचा प्रभाव अपुरा ठरल्याने कर्नाटकात ती २०२२ मध्ये थांबवण्यात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लसीचे काम सुरू झाले आहे.