एफपीजीएवर चित्र दाखवायचं तर ते मेमरीत भरायचं कसं: थोडी पार्श्वभूमी

एफपीजीएवरून, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवू शकतो अशा चिपवरून, स्क्रीनवर चित्र आणायचं तर खरी भानगड रंगांची नसते, वेळेची असते. १९८७ च्या व्हीजीए या डिस्प्ले मानकाचं ६४० बाय ४८० पिक्सेल घ्या, पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) २५.१७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ४० नॅनोसेकंदात पुढचा पिक्सेल हजर पाहिजे, तुमची मेमरी तयार असो वा नसो.

हे दुखणं एफपीजीएच्या आधीचं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी सुपरपेंट ही संगणकावर चित्र काढायची प्रणाली बनवली, त्यातही ६४० बाय ४८० आणि ८ बिट, पण मेमरी म्हणजे २ किलोबिटच्या शिफ्ट रजिस्टर चिप्स. सगळा डेटा टीव्हीच्या सिग्नलबरोबर गोल फिरत राहायचा आणि एखादा पिक्सेल बदलायचा तर त्याची पाळी येईपर्यंत थांबायचं, कधी कधी तब्बल ३३ मिलिसेकंद! मग ऐंशीच्या दशकात दोन पोर्टवाली व्हिडिओ रॅम आली, एका बाजूने लिहा, दुसऱ्या बाजूने स्क्रीनला पुरवत राहा.

एफपीजीएत मात्र हे सुख उशिरा आलं. १९८५ च्या झायलिंक्स कंपनीच्या एक्ससी२०६४ या एफपीजीएत ६४ लॉजिक ब्लॉक (छोटी लॉजिक सर्किटं) होते, बस्स, चित्राला जागाच नाही. १९९५ च्या सुमारास अल्टेराच्या फ्लेक्स १०के मध्ये २०४८ बिटांचे मेमरी ब्लॉक आले, १९९८ ला झायलिंक्सच्या व्हर्टेक्समध्ये ४०९६ बिटांचे ड्युअल पोर्ट ब्लॉक रॅम (चिपच्या आतली मेमरी).

आता भरायचं कसं? व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेतलं रीडमेमएच (फाइलमधून मेमरी भरणारी आज्ञा) मुळात सिम्युलेशनसाठीचं, पण सिंथेसिस टूल्सनी (कोडचं सर्किट करणाऱ्या सॉफ्टवेअरनी) ते नंतर उचललं. तोवर मेमरीत काय भरायचं ते लिहिलेली अल्टेराची एमआयएफ आणि झायलिंक्सची सीओई फाइल चालायची (त्या अजूनही चालतात). रीडमेमएचच्या हेक्स फाइलमध्ये एका ओळीत एक पिक्सेल, १२ बिटात (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ४ बिट) एफ००० लिहून चालत नाही, एफ०० लिहायचं, तो लाल. ही सगळी माहिती बिटस्ट्रीममध्ये (एफपीजीएत भरायच्या फाइलमध्ये) जाऊन बसते, म्हणून चित्र बदललं की बिटस्ट्रीमही बदलावा लागतो. आणि ब्लॉक रॅम ॲड्रेस दिल्यावर डेटा पुढच्या क्लॉकला देते, ते विसरलं की चित्र एक पिक्सेल सरकतं, हे नवख्यांना हमखास छळतं.

जागेचं गणित अजून तसंच आहे. झायलिंक्सच्या आर्टिक्स-७ ३५टी या एफपीजीएत ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक, म्हणजे १८,४३,२०० बिट, आणि ६४० बाय ४८० ला नुसत्या ८ बिटात लागतात २४,५७,६००. मग लोक ३२० बाय २४० ठेवतात, १२ बिटात ९,२१,६०० बिट, आणि प्रत्येक पिक्सेल आडवा-उभा दोनदा दाखवतात. माझ्या मते शिकायला हेच बरं. मोठं चित्र पाहिजेच असेल तर बाहेरची एसडीरॅम किंवा डीडीआर (वेगळ्या मेमरी चिप्स), पण तिथे रो (मेमरीतली ओळ) उघडायला वेळ जातो, रिफ्रेश (डेटा टिकवायला तो पुन्हा लिहिणं) मध्ये येतो, म्हणून अख्खी लाईन आधीच आणून आतल्या छोट्या बफरमध्ये ठेवावी लागते, आणि तो बफर रिकामा पडला की स्क्रीनवर लगेच दिसतं.