मुलामा तोच, रंग वेगळा

जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत मुलामा देणाऱ्या एका कारागिराकडे मी शाळेच्या सुट्टीत तासन्‌तास बसायचो. काचेचं भांडं, त्यात सोन्याचं पाणी, दोन तारा आणि कोपऱ्यात गुणगुणणारा रेक्टिफायर, म्हणजे घरातल्या एसी विजेची डीसी करणारा डबा. दागिना ऋण टोकाला अडकवून पाण्यात सोडायचा, आकडे मोजायचे, उचलायचा. पितळ सोन्याचं दिसायला लागे. "करंट वाढवला ना भो, की माल जळतो," ते सांगायचे. जळतो म्हणजे आग लागत नाही. थर घाईघाईत साचतो, काळपट आणि भुसभुशीत होतो. (त्या पाण्यात सायनाइड असतं, हे मला फार उशिरा कळलं.)

हाच संच ठेवून पाणी बदललं तर? सोन्याच्या क्षाराऐवजी कॅडमियमचा क्षार आणि विरघळलेलं सेलेनियम घेतलं, की ऋण टोकाच्या पत्र्यावर कॅडमियम सेलेनाइड बसतं. हा अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर आहे. कॅडमियम विषारी असल्यामुळे हा प्रयोग घरी करायचा नाही. पण हिशेब मात्र कागदावर कोणालाही जमेल. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे (जितकी वीज, तितका थर) एका चौरस सेंटिमीटरवर 1 मिलिअँपिअर प्रवाह एक सेकंद सोडला आणि सगळे इलेक्ट्रॉन कामी आले, तर थराची जाडी सुमारे 1.7 नॅनोमीटर भरते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेक्टिफायर आणि घड्याळ एवढ्या साधनांवर इतकं बारीक माप हाती येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

गंमत रंगात आहे. कॅडमियम सेलेनाइडचा मोठा खडा काळपट दिसतो. त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, 1.74 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. सुमारे 710 नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश तो शोषतो, म्हणजे डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळाच. पण 1987 साली शास्त्रज्ञ गॅरी होड्स आणि सहकाऱ्यांनी रासायनिक द्रावणातून, विजेशिवाय, याच पदार्थाचे पातळ थर बसवले तेव्हा बँड गॅप जास्तीत जास्त अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढलेला आढळला. एवढा वाढला, की शोषण हिरव्याशी थांबतं आणि पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश आरपार जातो. पदार्थ तोच, रंग मात्र वेगळा.

सारंगखेड्याच्या यात्रेत बासऱ्या विकणाऱ्याकडे उभे राहा. बांबू एकच, पण आखूड बासरीचा सूर चढा, कारण हवेच्या लाटेला आत कमी जागा मिळते. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो. कॅडमियम सेलेनाइडमध्ये प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीला ऐसपैस पसरायला साधारण 11 नॅनोमीटर लागतात. स्फटिकच 5 नॅनोमीटरचा असेल तर जोडी कोंडली जाते आणि तिची ऊर्जा चढते. बासरी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते. इलेक्ट्रॉनची जागा निम्मी केली की कोंडल्यामुळे चढलेली ऊर्जा चौपट होते. बासरीची उपमा इथपर्यंतच चालते.

आकाराने रंग बदलणाऱ्या अशा कणांसाठी 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी यांना मिळालं. एकिमोव्ह यांचे कण काचेत होते, बाकी दोघांचे द्रवात. मुलाम्यासारख्या बसवलेल्या थरात कण पत्र्याला आधीच चिकटलेले असतात, म्हणजे वीज न्यायची सोय तयारच. मात्र सगळे कण अगदी एका मापाचे हवे असतील तर बावेंडींच्या वाटेनं जावं, म्हणजे कण द्रवातच वाढवावेत. विजेच्या थरात लहानमोठे मिसळून येतात.

तरी त्यांचं माप आवरायची एक युक्ती सापडली, आणि ती सोन्यात सापडली. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये होड्स यांच्या गटाने 1992 च्या सुमारास सोन्यावर विजेने कॅडमियम सेलेनाइड बसवलं. कण सुमारे 5 नॅनोमीटरचे झाले आणि वाढायचे थांबले. का थांबले, हे कळायला शेजारी शेजारी तिफण आणि दुफण चालवून पाहा. सोन्याच्या अणूंची तीन अंतरं मिळून 0.865 नॅनोमीटर होतात, कॅडमियम सेलेनाइडची दोन मिळून 0.860. तिफणीचे आणि दुफणीचे तास जवळजवळ जुळतात, फरक फक्त 0.6 टक्क्यांचा. पहिल्या फेरीत तो कळतही नाही. पण प्रत्येक फेरीत ताण साठत जातो आणि सहाएक फेऱ्यांनंतर स्फटिकाला पुढे पसरणं परवडत नाही.

मग त्यांनी सोन्यात पॅलेडियम मिसळलं. सराफांना ते परकं नाही, व्हाइट गोल्डमध्ये असतंच. पॅलेडियममध्ये अणूंची अंतरं आखूड असतात, त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण बदललं की न जुळण्याचा आकडा बदलतो आणि त्याबरोबर स्फटिकांचा आकारही. करंटला हात न लावता, खालच्या धातूचा कस बदलून माप ठरवायचं! गल्लीतल्या त्या कारागिराला हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी पॅलेडियमचा भाव विचारला असता.

एक शंका मात्र उरते. थरातले कण एकमेकांना खेटून असतात, मग लाट शेजारच्या कणात का शिरत नाही? दोन कणांच्या सीमेवर अणूंची मांडणी विस्कटलेली असते, आणि ती भिंतीचं काम करते. थर भट्टीत काही शे अंशांपर्यंत तापवला की कण जुळून मोठे होतात आणि नारिंगी थर काळपटत जातो. क्ष-किरणांच्या आलेखात आधी सातपुड्याच्या रांगेसारखा पसरट दिसणारा उंचवटा, तापवल्यावर अरुंद आणि टोकदार झालेला असतो; उंचवटा जितका अरुंद, तितके कण मोठे.