बुडीत कुणाच्या खाती? पी-टू-पी कर्जांची पार्श्वभूमी

१६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पीअर-टू-पीअर, म्हणजे पी-टू-पी, कर्जांचे नियम आवळले. बँक मध्ये न घेता, ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून एका माणसाने दुसऱ्याला दिलेली ही कर्जे. प्लॅटफॉर्मने ठरावीक परताव्याची हमी द्यायची नाही, हवे तेव्हा पैसे काढता येतील असे सांगायचे नाही, आणि मुद्दल किंवा व्याज बुडाले तर सगळा तोटा कर्ज देणाऱ्याचा. बुडण्याची जोखीम देणाऱ्याची, हे २०१७च्या मूळ नियमांतही होतेच. तरीही सात वर्षांनी ते इतक्या स्पष्ट शब्दांत पुन्हा का सांगावे लागले?

हातउसने देणे आणि भिशी फिरवणे आपल्याकडे जुनेच. तिथे पैसे बुडवणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवावे लागते, हीच वसुलीची यंत्रणा. २००५ साली ब्रिटनमध्ये ‘झोपा’ ही कंपनी सुरू झाली आणि तिने हा व्यवहार अनोळखी माणसांमध्ये, इंटरनेटवर आणला. पाठोपाठ अमेरिकेत ‘प्रॉस्पर’ आली. बँक मधून काढली की घेणाऱ्याला व्याज कमी पडते आणि देणाऱ्याला जास्त मिळते, असे हे गणित. ते चुकीचे नाही, अर्धे आहे. कर्ज बुडले तरी बँकेला ठेवीदाराचे पैसे द्यावेच लागतात आणि त्यासाठी तिचे स्वतःचे भांडवल मध्ये उभे असते. बँक गेली की तेही गेले.

ही पोकळी ग्राहकाला खुपते हे कंपन्यांच्या लवकरच लक्षात आले. ब्रिटनमध्ये काही प्लॅटफॉर्मनी बुडीत भरून काढायला राखीव निधी उभारले. चांगल्या काळात ते पुरले. मे २०१९मध्ये ‘लेंडी’ हा तिथला प्लॅटफॉर्म कोसळला. २०२०मध्ये कोविड आला तेव्हा ‘रेटसेटर’ या दुसऱ्या प्लॅटफॉर्मने निधी टिकवण्यासाठी गुंतवणूकदारांचे व्याजच निम्मे केले. खुद्द झोपाने २०२१ अखेर हा व्यवसाय गुंडाळला आणि ती बँक म्हणून उरली.

चीनमध्ये मात्र नुसता हिशेब चुकला नव्हता, तिथे दरोडा पडला. २००७पासून सुरू झालेल्या या धंद्यावर तिथे बरीच वर्षे कुणाची नीट देखरेख नव्हती, आणि प्लॅटफॉर्मची संख्या हजारांत गेली. ‘एझुबाओ’ या प्लॅटफॉर्मने सुमारे नऊ लाख लोकांकडून ५० अब्ज युआन गोळा केले. त्यातले बहुतेक कर्जप्रकल्प अस्तित्वातच नव्हते. नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना व्याज जात होते. हफेई शहराबाहेर सहा मीटर खोल पुरलेल्या सुमारे १,२०० हिशेबवह्या काढायला पोलिसांना दोन उत्खनन यंत्रे लावावी लागली. २०१७मध्ये संस्थापकाला जन्मठेप झाली. पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात एकामागून एक प्लॅटफॉर्म बंद पडू लागले, तेव्हा हांगझौमध्ये लोकांच्या तक्रारी नोंदवायला स्टेडियम उघडावी लागली. २०२० संपता संपता चीनमध्ये असा एकही प्लॅटफॉर्म उरला नव्हता.

भारताने हे सगळे पाहून सावध पाऊल टाकले, याचे श्रेय द्यायला हवे. एप्रिल २०१६मध्ये रिझर्व्ह बँकेने चर्चापत्र काढले आणि ४ ऑक्टोबर २०१७ला नियम आले. प्लॅटफॉर्मने फक्त मध्यस्थी करायची. स्वतः कर्ज द्यायचे नाही, हमी द्यायची नाही. पैसे एस्क्रो, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या, खात्यातून फिरायचे. एका व्यक्तीने एका कर्जदाराला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यायचे, मुदत ३६ महिन्यांच्या आत. सर्व प्लॅटफॉर्म मिळून देणाऱ्याची मर्यादा १० लाख होती, ती डिसेंबर २०१९मध्ये ५० लाख झाली. आणि एक कलम फार महत्त्वाचे: कोणत्या कर्जदाराला पैसे जात आहेत हे पाहून देणाऱ्याने मंजुरी द्यायची.

पाणी मुरले ते इथेच. शंभर अनोळखी कर्जदारांची माहिती कोण वाचत बसणार? ऑगस्ट २०२१मध्ये क्रेड या ॲपची ‘क्रेड मिंट’ ही योजना नऊ टक्क्यांपर्यंत, तर भारतपे या पेमेंट कंपनीचे ‘१२% क्लब’ नावातल्याच दराने परतावा देऊ लागले. दोन्हींच्या मागे परवानाधारक पी-टू-पी कंपन्या होत्या. वापरणाऱ्याला दिसायचे ते एफडीसारखे पान: रक्कम टाका, दर पाहा, हवे तेव्हा काढा. पण दोन वर्षांसाठी दिलेले कर्ज उद्या परत कसे मिळणार? तर जुना माणूस बाहेर पडताना त्याच्या नावावरची कर्जे नव्याच्या नावावर चढवून. नवे लोक येत राहतील तोवर हे चालते. रिझर्व्ह बँकेने २०२४मध्ये बोट ठेवले ते नेमके या पद्धतीवर.

आता छोट्या रकमेचा हिशेब करून पाहू. समजा, ५०,००० रुपये शंभर जणांना पाचशे-पाचशे करून वर्षभरासाठी १८ टक्क्यांनी दिले आणि परतफेड वर्षाअखेरीस एकरकमी आहे. कागदावर व्याज ९,०००. आठ जणांनी काहीच दिले नाही, तर व्याज उरते ८,२८० आणि मुद्दल जाते ४,०००. प्लॅटफॉर्मचे शुल्क दोन टक्के धरले तर आणखी १,००० गेले. हातात ३,२८०. पण प्राप्तिकर लागतो मिळालेल्या व्याजावर, आणि सावकारी हा ज्याचा व्यवसाय नाही त्याला बुडालेले मुद्दल साधारणपणे त्यातून वजा करता येत नाही. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस सोडूनही, २,४८४ रुपये कर. उरले ७९६, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. रक्कम शंभर जणांत वाटल्याने एका फटक्यात सगळे बुडत नाही एवढे खरे. पण नोकऱ्या एकदम जातात तेव्हा हप्तेही एकदमच थांबतात.

पीएमसी ही सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा मुंबईकर ठेवीदारांना ठेवविमा काय असतो ते चांगलेच कळले. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतची ठेव परत मिळण्याचे ते संरक्षण पी-टू-पीला मुळीच लागू नाही. पाचशे रुपयांसाठी कोर्टात कुणी जात नाही, त्यामुळे वसुली प्लॅटफॉर्मच्याच हाती. नव्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मला थकीत कर्जांचे प्रमाण आणि देणाऱ्यांनी सोसलेला तोटा दर महिन्याला वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. तो आकडा जाहिरातीतल्या टक्केवारीइतक्या मोठ्या अक्षरांत नसतो. शोधावा लागतो.