‘ताकाचिका’ म्हणजे लता नव्हे
‘ए म्हणजे का, बी म्हणजे तु’ असा ‘तुमचं जपानी नाव’ सांगणारा तक्ता वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात लताची होते ताकाचिका (ताकाशी संबंध नाही!). रोमन अक्षरांना जपानीत असे पर्याय नाहीतच. तक्त्यात एफसाठी दिलेला ‘लु’ तर त्या भाषेत उच्चारच नाही. परकी नावं उच्चारानुसार काताकाना लिपीत लिहितात. ‘ल’ नसल्याने लता ‘राता’ होते. सचिन तीन चिन्हांत बसतो: सा-चि-न. शेवटी सुटा ‘न’ चालतो. इतर व्यंजनांना स्वर जोडावा लागतो, ‘त’ला ओ, बहुतेकांना उ. म्हणून अमितचा ‘अमित्तो’, सुनीलचा ‘सुनीरु’. जपानी नागरिकत्व घेताना मात्र नवं नाव खरोखर निवडता येतं. त्यातली कांजी (मूळची चिनी अक्षरं) सरकारमान्य यादीतलीच हवी, काताकानाही चालते.