पाठवलेलं मूल

आमच्या शाळेतली समुपदेशनाची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची अर्धी खोली. एका भिंतीला लेझमांचा ढीग, दुसऱ्या भिंतीला टेबल आणि दोन खुर्च्या. मूल येतं ते हातात चिठ्ठी घेऊन. ‘वर्गात लक्ष नाही. बघावे.’ खाली वर्गशिक्षिकेची सही. मी चिठ्ठी बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारते, “तुला यायचं होतं का?” बहुतेक जण खाली बघतात.

ही चिठ्ठी जुनी आहे. मुंबई इलाख्यात या कामाची मुळं शोधायला गेलं की दर टप्प्यावर मूल कुणीतरी पाठवलेलंच सापडतं.

सुरुवात कोर्टापासून. १९२४ साली मुंबईचा बाल अधिनियम झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. भटकणारी, चोरीत सापडलेली, टाकून दिलेली मुलं कोर्टातून डोंगरी, मानखुर्दच्या संस्थांत येऊ लागली. त्यांना सांभाळायचं कसं हे शिकलेली माणसं मात्र नव्हती. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये तिथेच समाजकार्य शिकवणारी दोराबजी टाटांच्या नावाची शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. मुलाचं ‘वागणं’ ही शिक्षेची नव्हे, समजून घेण्याची बाब आहे, हा विचार या केंद्रातून इथे रुजू लागला. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणारा समाजकार्यकर्ता अशी तिघांची जोडणी हे या पद्धतीचं वैशिष्ट्य. आज शाळेत एकटीने ही तिन्ही कामं करताना मला त्या तिघांचा हेवा वाटतो.

दुसरा दरवाजा नोकरीचा, आणि शाळा आत शिरल्या त्या याच दरवाजाने. १९४१ मध्ये मुंबईत बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघालं, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचं, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचं काढलं. पुढे त्यातूनच व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था आली. शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाला थोडं प्रशिक्षण देऊन ‘करिअर मास्टर’ नेमायची पद्धत पडली. शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) आणि कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शनावर भर दिला. कागदावर ते सगळ्या मुलांसाठी होतं, प्रत्यक्षात दहावीच्या उंबरठ्यावर येऊन थांबलं. ‘कल’ हा शब्द पालकांच्या तोंडी बसला तो तेव्हापासून. २०१६ मध्ये राज्याने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली तीही त्याच वाटेवरची. कृषी, ललित कला, गणवेशधारी सेवा वगैरे सात गट होते. निकाल हातात घेऊन एक वडील माझ्याकडे आले होते. “ह्याचा कल शेतीकडे निघालाय. शेती विकून पाच वर्षं झाली, मॅडम. आता काय करू?”

मधल्या काळात शब्दही बदलला. मार्गदर्शकाचा समुपदेशक झाला. गंमत अशी की उपदेश करायचा नाही हे या कामातलं पहिलं पथ्य, आणि आमच्या नावातच उपदेश आहे. पालकांनाही तोच हवा असतो, “जरा दोन गोष्टी सांगा त्याला.”

मूल पहिल्यांदा स्वतःहून आलं ते फोनवर. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी टाटा संस्थेचाच प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू केली. स्टेशनवर राहणाऱ्या पोरांनी पैसे न टाकता फिरवायचा नंबर, १०९८. पोरं त्याला ‘दस नौ आठ’ म्हणायची. इथे मध्ये ना मुख्याध्यापक, ना न्यायाधीश. फोन लागायचा आणि कितीतरी वेळा पलीकडून कुणी बोलायचंच नाही. नुसता गाडीचा आवाज, श्वास. ते मूक फोनही तिथे फोन म्हणून मोजले जायचे. न बोलणाऱ्या मुलासमोर गप्प बसून राहायचं, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, या मूक फोनांच्या गोष्टींनी शिकवलं. २०२३ मध्ये ही सेवा सरकारने आपल्याकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. नंबर तोच राहिला.

२०१२ चा पॉक्सो कायदा आल्यावर खोलीतलं बोलणंच बदललं. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. “कुणाला सांगणार नाहीस ना?” या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची सोय उरली नाही. काय माझ्याजवळ राहील आणि काय राहणार नाही, हे मी आता सुरुवातीलाच सांगते. ऐकून काही जण उठून जातात. जाऊ देते, दार उघडं असतं.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिकं आली, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. कल्पना चांगली. पण गावात पोरगी दवाखान्याच्या पायरीवर दिसली की संध्याकाळपर्यंत घरी कळतं.

आणि २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. आदेशामागे एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट मात्र वीसच्याही खाली आहे. कमी पटाच्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं, असं आदेशात आहे. म्हणजे तिथल्या मुलाला चिठ्ठी घेऊन एसटीने तालुक्याला जावं लागणार, सोबत कोणाला तरी रजा टाकून.