बारा व्होल्टची गाडी, एका व्होल्टची चिप

सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन आता आपल्याकडेही सवयीचं झालंय. क्लच दाबला की स्टार्टर फिरतो, बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं, आणि तरीही डॅशबोर्डवरचा नकाशा लुकलुकत नाही. जुन्या गाडीत सेल मारताना हेडलाइट मंदावायचे, टेप गप्प व्हायचा. हा फरक ज्या चिपमुळे पडला ती पडद्यामागे असते आणि बॅटरीच्या १२ व्होल्टमधून तीन-चार वेगवेगळी, कमी व्होल्टेज तयार करते. तिला मल्टिचॅनल स्टेप-डाऊन कन्व्हर्टर म्हणतात, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा; तिच्या प्रत्येक आउटपुटला चॅनल म्हणतात. तिची आजची घडण मात्र ती ज्यांना वीज पुरवते त्या प्रोसेसरपेक्षा स्टार्टर आणि रेडिओ यांनी ठरवली.

आधी स्टार्टर. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर बसवला. त्यात इंजिन फिरवायला २४ व्होल्ट आणि दिव्यांना ६ व्होल्ट अशी अदलाबदल होती. पुढे सगळीकडे ६ व्होल्ट रूढ झाले. १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्यांची इंजिनं मोठी, जास्त कॉम्प्रेशनची झाली. ती ६ व्होल्टवर फिरवायची तर करंट फार लागायचा, म्हणून १२ व्होल्ट आले. फोक्सवॅगन बीटल १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ६ व्होल्टवरच होती. इलेक्ट्रॉनिक्सला काय सोयीचं, हे तेव्हा विचारायला गाडीत रेडिओशिवाय होतं कोण?

आणि त्या रेडिओची मागणी बरोबर उलटी होती. व्हॉल्व्हच्या रेडिओला शेकड्यांत व्होल्ट लागत. त्यासाठी त्यात व्हायब्रेटर असायचा : सेकंदाला शंभरच्या वर थरथरणारी धातूची पट्टी बॅटरीचा डीसी तोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायची. म्हणजे गाडीतला जुना स्विचिंग कन्व्हर्टर व्होल्टेज चढवणारा होता, आणि कानांना ऐकू येईल असा गुणगुणायचा. १९५५ मध्ये क्रायस्लरने फिल्कोचा संपूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला, तो थेट १२ व्होल्टवर चालला. काही काळ सगळं आलबेल होतं.

१९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन यंत्रणा फोक्सवॅगनमध्ये आली. सत्तरच्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि त्यांना हवे होते स्थिर ५ व्होल्ट. उत्तर सोपं होतं, लिनियर रेग्युलेटर. इंजिनिअरिंगच्या पोरांनी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला तीन पायांचा ७८०५ त्याच जातीचा. तो जास्तीचं व्होल्टेज सरळ उष्णता करून टाकतो. करंट किरकोळ असेपर्यंत ते चालून जातं. पण प्रोसेसरला ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर लागले आणि इंजिन चालू असताना गाडीची बॅटरीची लाइन १३.५ व्होल्टवर असली, तर ३० वॅटहून जास्त उष्णता होते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न डॅशबोर्डमध्ये कायम चालू ठेवल्यासारखंच की!

म्हणून बक कन्व्हर्टर, म्हणजेच स्टेप-डाऊन. स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायचा. चालू असताना इंडक्टरमध्ये ऊर्जा साठते, बंद असताना तीच पुढे वाहते, कॅपॅसिटर चढउतार गुळगुळीत करतो. १२ चे ५ व्होल्ट हवे असतील, तर स्विच साधारण ४२ टक्के वेळ चालू ठेवायचा. उष्णता फारशी होत नाही.

इथे रेडिओ पुन्हा आडवा आला. समजा स्विच ४०० किलोहर्ट्झवर चालतोय. त्याच्या गोंगाटात वारंवारतेच्या पटीही असतात; दुप्पट ८००, आणि आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. बातम्यांच्या मागे बारीक शिट्टी सुरू. एक तर वारंवारता मीडियम वेव्हच्या, म्हणजे एएमच्या, पट्ट्याखाली ठेवून फिल्टर आणि शिल्डिंगवर खर्च करायचा, नाहीतर थेट एएम पट्ट्याच्या वर, म्हणजे २ मेगाहर्ट्झच्या आसपास जायचं. गाड्यांसाठीच्या बऱ्याच कन्व्हर्टरनी दुसरी वाट धरली.

त्या वाटेनेच मल्टिचॅनल चिपचं पोट आखलं. २ मेगाहर्ट्झला एक आवर्तन ५०० नॅनोसेकंदांचं. लाइनवर १६ व्होल्ट असताना थेट १ व्होल्ट काढायचा तर स्विचने जेमतेम ३१ नॅनोसेकंद चालू राहायचं. हे नेमकेपणाने जमवणं अवघड. मग काम दोन टप्प्यांत वाटलं : पहिला चॅनल बॅटरीवरून ५ किंवा ३.३ व्होल्ट करतो, पुढचे चॅनल त्यावरून १.८, १.२ किंवा त्याहून कमी. लिनियर टेक्नॉलॉजी या कंपनीच्या एलटी८६०२ या चिपमध्ये हीच मांडणी दिसते : ४२ व्होल्ट सोसणारे दोन चॅनल आणि कमी व्होल्टचे दोन.

हे ४२ व्होल्ट कशाला, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं की लाइन एकदम उसळते. याला लोड डंप म्हणतात. अटकाव नसेल तर ही उसळी १०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. अल्टरनेटरमधले संरक्षक डायोड ती पस्तीस-चाळीसवर रोखतात. कडाक्याच्या थंडीत सेल मारताना मात्र तीच लाइन ४ व्होल्टच्याही खाली येऊ शकते. तिथे ५ व्होल्टचा चॅनल टिकवायला आधी व्होल्टेज चढवणारा टप्पा जोडावा लागतो. व्हायब्रेटरचं काम असं मागच्या दाराने परत आलं.

चॅनल एकाच चिपमध्ये असल्याचे आणखी फायदे आहेत. त्यांचे स्विच एकाच वेळी न उघडता आळीपाळीने उघडतात, त्यामुळे इनपुटवर करंटचे झटके कमी बसतात. प्रोसेसरला कुठलं व्होल्टेज आधी आणि कुठलं नंतर मिळावं, हा क्रमही तिथेच सांभाळता येतो. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो उभ्या गाडीचा खर्च. समजा गाडीतली दहा इलेक्ट्रॉनिक युनिट झोपेतही प्रत्येकी ५ मिलिअँपिअर पितात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ५० दिवसांत रिकामी होईल, आणि सेल मारण्याइतका जीव त्याच्या कितीतरी आधी जाईल. गावी महिनाभर राहून आलेल्याला गाडीला धक्का मारावा लागतो तो असा. आताच्या कन्व्हर्टरचा झोपेतला खर्च मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात.

१२ व्होल्ट बदलायचे प्रयत्न झाले. नव्वदच्या दशकात ४२ व्होल्टचा मोठा गाजावाजा झाला, टोयोटाने २००१ मध्ये क्राउनमध्ये तो वापरलाही, पण तो बारगळला. ४८ व्होल्ट हायब्रिड गाड्यांत आले, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्टच्या सोबतीने. रेडिओचंही आसन डळमळलंय : २०२३ मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून एएम काढायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. उद्या एएम खरंच गेला, तरी कन्व्हर्टर सरसकट खालच्या वारंवारतेवर उतरतील असं वाटत नाही. २ मेगाहर्ट्झला इंडक्टर लहान लागतो, आणि डॅशबोर्डमागे जागा आता रेडिओपेक्षा महाग झाली आहे.