पंख हलतात, आवाज नाही

अंधार खरं तर डोळ्यांचा विषय, पण मराठीत तो ‘किर्र’ असतो, कानांनी ऐकायचा. ही किरकिर करतो तो नर रातकिडा, आणि तीही तोंडानं नाही, पंखांनी. पुढच्या पंखाच्या एका शिरेवर करवतीसारखे बारीक दाते असतात. दुसऱ्या पंखाची कड त्यांवरून घासली की पंखाचा पातळ पापुद्रा थरथरतो आणि आवाज घुमतो. मादीचे कान तिच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. त्या कानांच्या भरवशावर ती अंधारातून नराकडे येते. ती जवळ आली की नर सूर बदलून हळुवार आर्जव करतो. आणि समोर दुसरा नर आला, तर भांडणाचा सूर वेगळाच!

पण हाक काही एकटीलाच ऐकू जात नाही. हवाई बेटांवर ऑर्मिया नावाची एक माशी आहे. तीही रात्री निव्वळ आवाजाच्या रोखानं रातकिड्याला गाठते आणि त्याच्या अंगावर, आसपास अळ्या सोडते. अळ्या आत शिरतात, त्याला जिवंतपणी पोखरतात आणि आठवडा-दहा दिवसांनी बाहेर पडतात. रातकिडा मरतो. म्हणजे जो जास्त गातो, तोच आधी सापडतो.

तिथल्या कौआई बेटावर मार्लीन झुक या शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं जात होत्या. आवाज दरवेळी कमी होत गेला. रातकिडे संपत चालले, असंच कुणालाही वाटलं असतं. पण 2003मध्ये बेट जवळपास गप्प असूनही गवतात रातकिडे भरपूर सापडले! 90 टक्क्यांहून अधिक नरांचे पंख सपाट झाले होते, वाजणारी रचनाच पुसली गेली होती. एका जनुकातला बदल, आणि तो 20हून कमी पिढ्यांत बेटभर पसरला. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण शाळेत शिकतो, म्हणून मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

मग या मुक्या नरांना मादी भेटते कशी? जे थोडे अजून गातात, त्यांच्या आसपास ते जमतात आणि त्या हाकेला ओ देत येणारी मादी वाटेतच गाठतात. तिथल्या माद्याही आर्जवाच्या सुराचा फारसा आग्रह धरत नाहीत.

सवय मात्र गेलेली नाही. हे मुके नर आजही पंख उचलतात आणि गाताना घासावेत तसे एकमेकांवर घासत राहतात.